गाडीचा आवाज

ईश्वरने गाडीखालून हात बाहेर काढला आणि तुटलेला बोल्ट नवलच्या चपलेजवळ टाकला. बोल्ट कसला, गंजाचा खडा नुसता. कालपासून त्यावर डिझेल टाकून ठेवलं होतं, तरी आट्यातून सुटायच्या ऐवजी मधोमध मोडला.

"नवलभाऊ, ह्या सायलेन्सरमा सायलेन्सर कमी न् वेल्डिंग जास्त शे," तो खालूनच म्हणाला.

खोटं नव्हतं. पिकअप जुनी, डिझेलवरची. दरवर्षी कापसाच्या हंगामाआधी तिच्या सायलेन्सरला एक ठिगळ लागायचं आणि हंगाम संपेपर्यंत त्या ठिगळाच्या शेजारी नवं भोक पडायचं. अलीकडे तर धूर मागून कमी आणि केबिनखालून जास्त निघायचा. नवलची गाडी पाळधीच्या फाट्याला वळली की धरणगावात कळतं, असं लोक म्हणायचे. लोक वाढवून सांगतात, पण इथे फार वाढवावं लागत नव्हतं.

या खेपेला नवलने ठिगळ नको म्हणून बजावलं होतं. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत सगळं नवं हवं होतं त्याला. न गंजणारा जाड पाइप, आणि मूळच्यापेक्षा मोठा, आतून दुहेरी पत्र्याचा डबा. तो डबा ईश्वरला जळगावहून मागवावा लागला.

ईश्वर बाहेर आला, टाचांवर बसला आणि चिंधीने हात पुसू लागला.

"पोऱ्या येतस, म्हणतस आवाज वाढाडी दे. आवाज कमी कर म्हणणारा तुम्ही एकलाच. कोनले तरास व्हस तुम्हना गाडीना?"

"माले व्हस," नवल म्हणाला.

ही मात्र शुद्ध थाप होती. इतक्या वर्षांत त्या धडधडीची त्याला अशी सवय झाली होती की रविवारी गाडी उभी असली की कान दुखायचे. खरं कारण उषा होती, पण ते काय गॅरेजमध्ये सांगायचं.

सुनेच्या बाळंतपणाला म्हणून त्याची बायको पुण्याला मुलाकडे, कुंदनकडे गेली. सव्वा महिना, फार तर तीन महिने, असं ठरलं होतं. त्या बाळाला दात आले, पाय फुटले, आता ते गळ्यात पाण्याची बाटली अडकवून शाळेत जायला लागलं, आणि उषा अजून तिकडेच. तिला कुणी अडवून ठेवलं नव्हतं. जा असंही कुणी म्हणत नव्हतं. कुंदन आणि नूतन दोघंही नोकरीला, मग मुलाकडे कोण बघणार, हे सगळ्यांना पटण्यासारखं होतं. नवललाही ते पटत होतं, हीच तर पंचाईत.

घरून बोलावं तर रात्री तिकडे सगळेच असायचे. फोन हातोहात फिरायचा, नातू एखादं गाणं म्हणायचा, उषा लांबूनच 'जेवलात का' विचारायची आणि संपलं. तिचा एकटीचा वेळ म्हणजे संध्याकाळचा. नातू कार्टूनपुढे बसलेला, नूतन अजून यायची. नेमका तेव्हा नवल जळगावच्या जिनिंगवर कापूस उतरवून, रिकामी गाडी घेऊन परतीच्या रस्त्याला लागलेला असायचा. फोन काचेशी अडकवायचा, स्पीकरवर टाकायचा आणि बोलत सुटायचा. कापसाचं बोलायचा, गाईचं बोलायचा, आणि गाव जवळ आलं की न चुकता म्हणायचा, "आते घर ये वं."

"काय? आयकू येत नही," ती तिकडे गॅलरीत येऊन ओरडायची. "गाडीना आवाज कितला. घर गयात का फोन करा."

गाडी बाजूला घेऊन, बंद करून बोलता आलं असतं. ते सुचण्याइतकी अक्कल नवलला होती. एकदा त्याने तसं केलंही. बाभळीखाली गाडी उभी केली, किल्ली फिरवली, आणि त्या शांततेत त्याची जीभच उचलेना. साठीला टेकलेला माणूस बायकोला असलं काही बोलतो होय? शेवटी त्या दिवशी त्याने तिला खताच्या गोणीचं काहीतरी सांगितलं. चालत्या गाडीत मात्र बोलता यायचं. हात स्टेअरिंगवर, डोळे रस्त्यावर, म्हणजे तोंडालाही जरा धीर येतो. म्हणून त्याने ठरवलं की गाडी चालूच ठेवायची, फक्त तिचं तोंड बंद करायचं.

दुपार कलली तेव्हा ईश्वरने शेवटचा क्लॅम्प आवळला. नवल केबिनमध्ये चढला, किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पण त्याला ते कळलंच नाही. त्याने पुन्हा किल्ली फिरवली आणि चालू इंजिनावर स्टार्टर असा कर्रकन ओरडला की शेजारच्या टपरीवर चहा पिणारी माणसं वळून बघू लागली.

"चालू शे ती, चालू शे," ईश्वर हसत बोनेटवर थाप मारत म्हणाला. "आते कान नही, मीटरना काटा देखा."

घरी जाताना नवलला गाडीतले कितीतरी आवाज पहिल्यांदा ऐकू आले. डावा दरवाजा खुळखुळत होता. मागच्या फाळक्याची साखळी आपटत होती. मध्येच कुणीतरी खोकलं, ते तोच होता. गल्लीत शिरला तर कुत्रंही उठलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ताईबाईने विचारलं, "रातले जळगावलेच मुक्काम व्हता का, नाना?" नवल हसला, पण चहा गाळताना त्याला वाईट वाटत राहिलं. आपण घरात असून गल्लीला पत्ता नाही.

त्या संध्याकाळी पाळधी मागे पडल्यावर त्याने फोन लावला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बोंडं फुटलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या.

"हॅलो. हां, बोला," उषा म्हणाली.

"आयकू येस का?"

"येतंय ना. गाडी थांबवली का तुम्ही?"

"नही, चालूच शे. नवा सायलेन्सर बसाडा."

"अगं बाई. शेजारी बसल्यासारखं वाटतंय."

येतंय ना. थांबवली का. वाटतंय. नवलने मान थोडी फोनकडे नेली. नातवापुढे नीट बोलत जा असं नूतनने सांगितल्याचं त्याला माहीत होतं, पण उषाचं ते नीट बोलणं इतक्या जवळून त्याने कधी ऐकलं नव्हतं. आजवर गाडीतल्या फोनवर ती त्याच्याशी बहुतेक ओरडूनच बोलली होती, आणि ओरडताना माणूस घरच्याच बोलीत ओरडतो. तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली. नातू कुठल्यातरी कार्टूनवर खदखदून हसला. तिकडे भरलेलं घर होतं. नवलला त्या कुकरचासुद्धा हेवा वाटला.

त्याने गाय आटल्याचं सांगितलं. तिने विचारलं, मग दुधाचं काय करता. तो म्हणाला, ताईबाईकडून घेतो. ती म्हणाली, साय काढून ठेवत जा. मग गावची पाण्याची टाकी दिसायला लागली.

"उषा," तो म्हणाला. नाव घेऊन तो तिला सहसा हाक मारत नसे. "आते घर ये वं. माले एकलाले करमत नही."

शेवटचं वाक्य त्याने ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक आलं.

फोन लागलेला होता, पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते. नवल तिच्या 'काय?'ची वाट पाहत राहिला. त्याला सवयच होती त्याची. पण 'काय?' आलं नाही.

"पहिला सायलेन्सर बरा व्हता," उषा म्हणाली. हळू, आणि त्याच्याच बोलीत.

"का बरं?"

"तवय आयकू येत नही म्हणता येत व्हतं."

नवलचा पाय आपोआप सैल पडला. गाडी रांगायला लागली, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला आणि वळसा घालून तो पुढे निघून गेला. म्हणजे रोज ऐकलं होतं तिने. रोज ऐकून, रोज त्या गॅलरीत उभं राहून ती ओरडली होती. राग यायला हवा होता, तो आला नाही. आपण एकटे आहोत असं तो इतके दिवस धरून चालला होता, आणि फोनच्या त्या टोकालाही एक एकटं माणूस उभं होतं, याचं त्याला जास्त वाईट वाटलं.

"मंग येशी का?" त्याने विचारलं.

तिने बोलायला श्वास घेतलेला त्याला ऐकू आला. त्याच वेळी तिकडे दाराची बेल वाजली. दार उघडलं, पर्स कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला.

"कोण, बाबा आहेत का?" नूतन विचारत होती. "काय म्हणतायत?"

"काही नाही गं," उषा म्हणाली. "गाडीचं सांगत होते."