संत्र्याच्या बगीच्यातली सहावी डिस्क

अमृताच्या जिवाला घोर लागला तो एका कोल्ह्यामुळे. खरा नाही हो, चित्रातला. पांढराशुभ्र, जपानी आणि तोंडाचा भारी वटवट्या.

ही अमृता पांढुर्ण्याची. सौंसरच्या एका खासगी शाळेत गणित शिकवते. जाता-येता बसमध्ये कानात बोंडं कोंबून मोबाइलवर जपानी अ‍ॅनिमे पाहते. कोणी 'कार्टून' म्हटलं की हिचं नाक फुगलंच. तिची आई रजनीबाई तर 'चित्रं' म्हणतात. "एवढी मोठी घोडी झाली, अजून चित्रं पाहून राहिली," हे त्यांचं रोजचं भजन. त्याच्या खालोखाल दुसरं भजन म्हणजे रामाकोन्याचं स्थळ. पोरगा मयूर, खताच्या कंपनीत नोकरी, घरचा संत्र्याचा बगीचा. अमृतानं दोन महिने त्या स्थळाला काही ना काही कारण सांगून हुलकावणी दिली होती. परीक्षा, पेपर तपासणं, सर्दी. सर्दी तर दोनदा सांगून झाली.

आता कोल्ह्याकडे येऊ. मालिकेचं नाव होतं 'मिठाची वाट'. एका पोरीची माय लहानपणीच निघून गेलेली, समुद्राकडे गेली म्हणतात. पोरगी पाठीवर मिठाची थैली घेऊन डोंगर ओलांडत समुद्राकडे निघते आणि वाटेत तिला हा बोलणारा कोल्हा भेटतो. पुढे काय होतं? तेच तर! शेवटचे तीन भाग उरले आणि एका सकाळी बसमध्ये पडद्यावर पाटी आली: हा कार्यक्रम आता उपलब्ध नाही. आता घ्या! महिन्याचे पैसे कापायला बरोबर येतात, आणि ऐन शेवटाला दुकान बंद. अमृतानं त्या अ‍ॅपवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तोही मनातल्या मनात, कारण शेजारी शाळेचे मुख्याध्यापक बसले होते.

मग तिनं चोरवाटाही धुंडाळल्या. अर्ध्या ठिकाणी बँकेच्या कार्डाचा नंबर मागत होते, उरलेल्या अर्ध्या ठिकाणी रमी खेळायला बोलावत होते. तिची मैत्रीण वैशाली म्हणाली, "शेवट काय आहे ते मी नेटवर वाचून सांगते न." अमृता तिच्यावर अशी काही खेकसली की वैशालीनं कानाला खडा लावला. शेवट पाहायचा तर स्वतःच्या डोळ्यांनी. कोणाच्या तोंडून ऐकला तर त्यात राम काय राहिला?

आणि काय योग पाहा! बस स्टँडजवळ सुधाकरचं दुकान आहे. एकेकाळी तिथे सीडी भाड्यानं मिळायच्या, आता मोबाइलची कव्हरं मिळतात. नागपूरच्या कोणा बुडत्या व्यापाऱ्याकडून उचललेला जुना माल त्यानं एका टोपल्यात ओतून ठेवला होता, वर पुठ्ठा: 'उचला, निम्म्याच्याही निम्म्यात.' त्या टोपल्यात कोल्हा! डब्यावर पांढरा कोल्हा आणि त्याच्या शेजारी मिठाची थैली.

अमृताला तिथल्या तिथे उडी मारावीशी वाटली, पण चेहरा कसा, तर एकदम कोरा. डबा दोन बोटांत धरून म्हणाली, "हे काय आहे, सुधाकरभाऊ? लेकरांचं काही दिसते."

"न्या न ताई, कोणी विचारून नाही राहिलं. आजकाल सारं फोनवर."

तिनं नाक मुरडून आणखी थोडं कमी करून घेतलं आणि दुकानाबाहेर पडल्यावर रस्त्यातच एक उडी मारली.

घरी माळ्यावरून बाबांचा जुना प्लेअर काढला, धूळ झटकली, डबा उघडला. आत सहा कप्पे आणि डिस्क पाच. सहावा कप्पा रिकामा! पाच डिस्कमध्ये जे होतं ते सगळं तिनं पाहिलेलं. जे नव्हतं तेच हवं होतं. अमृता तशीच चपला घालून परत पळाली.

"सहावी?" सुधाकरनं डोकं खाजवलं. "बिना डब्याच्या सुट्या होत्या न, त्या साऱ्या एका पोत्यात भरून देऊन टाकल्या. रामाकोन्याच्या शालिकराम काकांनी नेल्या. संत्र्याच्या झाडाले बांधतेत. उन्हात चमकतेत, पाखरं पळतेत."

शालिकराम काका. रामाकोना. संत्र्याचा बगीचा. अमृता तिथेच टोपल्याच्या काठावर टेकली, कारण मयूरच्या वडिलांचं नाव शालिकराम होतं.

आपल्याकडे एक रिवाज आहे. पोरीकडचे लोक पोराचं घर पाहायला जातात. नावाला चहा-पोहे, बाकी सगळी चौकशी. विहिरीला पाणी किती, गोठ्यात ढोरं किती, सासूचा आवाज केवढा, सारं चहाचा घोट घेता घेता पाहून घ्यायचं. या रिवाजात खुद्द पोरीनं जायचं नसतं. पण अमृतानं घरी येऊन आईला सांगितलं, "आई, रामाकोन्याचं घर पाहायला जाऊ. मीपण येते. बगीचा पाहाचा आहे मला."

रजनीबाईंच्या हातातली कणीक हातातच राहिली. लेकीकडे त्यांनी जरा वेळ टक लावून पाहिलं. मग काही न विचारता हात धुतले आणि रामाकोन्याला फोन लावला. आई एवढ्या सहज मानली याचं अमृताला नवल वाटायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात तेव्हा फक्त डिस्क फिरत होती.

रविवारी दोघी रामाकोन्याला पोचल्या. शालिकराम काका उंच, गळ्यात दुपट्टा, आवाज शेतातून गावात पोचेल एवढा. देवकाबाई, मयूरची आई, स्वयंपाकघर आणि ओसरी यांच्यात धावत होत्या. मयूर इस्त्रीचा शर्ट घालून फोनकडे पाहत बसला होता. दिसायला बरा होता, हे अमृतानं मान्य केलं आणि लगेच विसरली.

"बगीचा दाखवता का?" तिनं विचारलं.

बगीच्यात पाऊल टाकलं मात्र, आणि ती गारच पडली. झाडाझाडाला डिस्क! सुतळीला बांधलेल्या, वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या, डोळे दिपवणाऱ्या. काका सांगत होते, हे कलम अमुक सालचं, हा बहार आंबिया, थंडीत फुललेला. अमृता "हो का, हो का" म्हणत एकेका डिस्कखाली मान वर करून उभी राहत होती. एकीवर कोणाच्या लग्नाचं नाव, एकीवर भजनं, एकीवर इंग्रजी शिका. कोल्हा कुठेच नाही. फांदीला लटकलेली एक डिस्क फिरवून पाहावी म्हणून तिनं फांदी हलवली, तर दोन संत्री मयूरच्या डोक्यात पडली.

"तुम्ही काही शोधून राहिल्या का?" डोकं चोळत मयूरनं विचारलं.

"एक अ‍ॅनिमे आहे. त्याची शेवटची डिस्क."

"अहो, ते फोनवर असते न सारं."

"नसते," अमृता म्हणाली. तेवढ्या एका शब्दात मयूर अर्धा नापास झाला.

पण पुढे चालणारे काका थबकले. मागे वळले. "कोल्हा हाय का त्याच्यात? पांढरा?"

"काका! तुम्ही पाहिला?"

"एकदा? पाच डाव पाहिला!"

आणि मग काकांनी जे सांगितलं ते ऐकून अमृताला हसावं की रडावं कळेना. झालं असं की बगीच्याला लागून रस्ता, आणि त्या रस्त्यानं शनिवारी जामसांवलीच्या हनुमानाला लोक पायी जातात. पोतं घरी आणल्यावर काकांच्या मनात आलं, यातली एखादी डिस्क नको त्या पिक्चरची निघाली तर? मारुतीच्या वाटेवर आपण तसलं लटकवलं तर पाप कोणाच्या माथी? म्हणून काकांनी पोत्यातली प्रत्येक डिस्क घरच्या प्लेअरवर लावून तपासली आणि चारित्र्य चांगलं निघालं तरच झाडावर चढवली.

"बाबा, डिस्क फिरताना पिक्चर दिसत नसते," मयूर कळवळून म्हणाला. "मी किती डाव सांगितलं."

"लोकायले नाही दिसत. मारुतीले दिसते न!" काकांनी त्याला गप्प केलं. मग अमृताकडे वळले. "तपासता तपासता हे कोल्ह्याचं लागलं. भाषा कळे ना बिषा कळे. पण ते पोरगी अशी रडते, बाप्पा, अशी रडते, की मी ते झाडाले नाही बांधली. कपाटात ठेवली. एका कोल्ह्यासाठी एवढं काऊन रडते, याचा मले उलगडाच होऊन नाही राहिला. शेवटी तो कोल्हा असा समुद्रात—"

"काका, नकाऽऽ!" अमृतानं दोन्ही कान दाबून अशी किंकाळी फोडली की घरातून रजनीबाई आणि देवकाबाई पळत आल्या. देवकाबाईंच्या हातात झारा तसाच. त्यांना वाटलं साप निघाला.

साप नाही, शेवट निघत होता. तो कसाबसा थांबवला.

मग ओसरीवर सौदा झाला. काकांकडे शेवट होता, पण सुरुवात नव्हती. अमृताकडे सगळी सुरुवात होती, पण शेवट नव्हता. काकांनी मांडी ठोकली. "तू मले पहिल्यापासून सांग. मंग डिस्क लावू."

पोहे निवाले, चहावर साय आली, आणि अमृता सांगत राहिली. सांगायला बसली की पोरगी रंगते. गाव, मीठ, निघून गेलेली माय, डोंगरातला बर्फ. पहिल्याच घाटात भेटलेला कोल्हा तर तिनं आवाज काढून सांगितला. सारखी कटकट, पोरीच्या पायात पाय. हळू चाल. पाणी पी. परक्याच्या हातचं खाऊ नको. रात्री पांघरूण घे. पोरगी वैतागून त्याला दगड मारते, तरी हा आपला चार पावलं मागून चालतोच. काका "अस्सं!" म्हणून मान हलवत होते. मयूरनं फोन खिशात टाकला होता. कधी टाकला ते त्यालाही कळलं नाही.

"आणि मग ते समुद्राजवळ येतात," अमृता म्हणाली, "आणि तिथेच माझं बंद पडलं. आता कोणी काही बोलू नका. काका, लावा."

काका उठले. एवढ्यात दारातून रजनीबाई बोलल्या. ज्यांनी जन्मात एक अ‍ॅनिमे पाहिला नाही, ज्या त्याला चित्रं म्हणतात, त्या रजनीबाई.

"अवं, लावाचं काय त्यात? तो कोल्हा तिची माय हाय."



काकांच्या हातातून डिस्क पडता पडता वाचली. "आँ? अवं माय माय माय! म्हणूनच त रडते!" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पाण्यातून उठते ते बाई कोण, पाच डाव पाहून मले नाही समजलं!"

"आई!" अमृता ओरडली. अ‍ॅपवाले, वैशाली, काका, सगळ्यांपासून जपलेला शेवट, आणि तो सख्ख्या आईनं एका वाक्यात उधळला. "तुला कसं कळलं? कोणी सांगितलं तुला?"

"सांगाले काय पाहिजे?" रजनीबाई शांतपणे म्हणाल्या. "पाणी पी, हळू चाल, पांघरूण घे. दगड मारला तरी मागंच. असं मायशिवाय कोण करते?"

डिस्क लावली. शेवट तोच निघाला. समुद्राच्या पाण्यात कोल्ह्याचं रूप विरलं, एक बाई उभी राहिली, पोरीनं थैली टाकून तिच्याकडे धाव घेतली. शेवट आधी कळला होता तरी अमृताला रडू आवरलं नाही, उलट जास्तच आलं, आणि पडद्याकडे पाहता पाहता तिनं दोनदा दारातल्या आईकडेही पाहिलं. देवकाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. काका सहाव्यांदा पाहत होते आणि पहिल्यांदा रडत होते.

निघताना काकांनी डिस्क कागदात गुंडाळून तिच्या हातावर ठेवली आणि हळूच म्हणाले, "एक सांगू, बेटा? संत्र्याचा बगीचा पाहाले आलेला माणूस फळ पाहते. तू एकबी फळ नाही पाहिलं."

अमृता शरमेनं लाल झाली. खोटं बोलून या चांगल्या माणसांचे पोहे खाल्ले, याचं तिला फार वाईट वाटलं. "चुकलं, काका. मी डिस्कसाठीच आली होती." आणि कागद त्यांच्याच हातात परत ठेवत म्हणाली, "ही इथंच राहू द्या. बाकीच्या पाच मी घेऊन येते. पहिल्यापासून पाहा."

"पहिली कधी आणता?" हे काकांनी नाही, मयूरनं विचारलं.

परतीच्या बसमध्ये दोघींना जागा मिळाली. सौंसर मागे पडलं. अमृता आईकडे वळली.

"आई, तू विचारलं नाहीस, स्थळ कसं वाटलं ते."

"कसं वाटलं?"

"सासरा पसंत आहे. पोराचं पाहू."

"सासऱ्यासोबत लग्न लावू काय तुझं?" रजनीबाई म्हणाल्या. मग खिडकीबाहेर पाहत, जसं काही विशेष नाही अशा आवाजात, "सुधाकरनं फोन करून सांगितलं होतं मला, तू घरी पोचाच्या आधीच. सहावी डिस्क रामाकोन्याले गेली म्हणून तू टोपल्यावर बसून राहिली होती."

"म्हणजे तुला मालूम होतं? मी डिस्कसाठी चालली हे? आणि तरी तू फोन लावला, मुकाट्यानं सोबत आली?"

"दोन महिने माझ्या सांगण्यानं तू हलली नाहीस. म्हटलं, कशाच्याही पायी होवो, रामाकोन्यापर्यंत त जाईल. अन् एकटीले कशी जाऊ देणार?"

चतुराईचा सगळा मक्ता आपल्याकडेच आहे असं ही पोरगी आजवर मानत होती. रजनीबाईंनी पिशवीतून बाटली काढली आणि झाकण उघडून पुढे केली.

"पाणी पी. सकाळपासून घोटभर नाही घेतलं."

एरवी अमृता म्हणाली असती, आई, कटकट नको करू. आज तिनं बाटली घेतली आणि पाणी प्यायलं.