आठ बाजूंचं फडकं

मी एक जुनं फडकं आहे. हसू नका, मित्रांनो. फडक्याला कसली आलीय जीवनकहाणी, असं तुम्हाला वाटेल. पण एके काळी एका गॅरेजचं माझ्यावाचून पान हलत नव्हतं.

त्याआधी मी एका आजींचा फ्लॅनेलचा गाऊन होतो. आजी गेल्या आणि आजोबांनी तो दोन वर्षं कपाटात तसाच ठेवला. मग एके दिवशी बाहेर काढला, शिवणी उसवल्या, बटणं काढली. शिवणीनेसुद्धा गाडीच्या रंगावर ओरखडा येतो. पाठीचा मऊ चौकोन उरला, तो मी.

गॅरेज आजोबांच्या लेकीचं. ती गाड्या रंगवायची आणि आजोबा हाताने पॉलिश करायचे. गाडी धुऊन सावलीत उभी करायची. पत्रा तळहाताला गार लागल्याशिवाय मेणाचा डबा उघडायचा नाही. स्पंजवर बोटाच्या पेराएवढंच मेण घ्यायचं. “जाड थर आळशी माणूस देतो,” ते म्हणायचे. अर्धं बॉनेट झालं की थांबायचं, मेण सुकून धुरकट होऊ द्यायचं. मग माझी चौघडी घालून हलक्या हाताने पुसायचं. एक बाजू मळली की दुसरी. चौघडीत माझ्या आठ बाजू होत्या आणि आठवीपर्यंत गाडी लखलखायची.

एक नियम मात्र त्यांनी, एक दिवस सोडला तर, कधी मोडला नाही. खाली पडलेलं फडकं धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही. त्यात वाळूचा एक कण अडकला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

काळ्या गाडीच्या डॉक्टरीणबाई एकदा म्हणाल्या, “आजोबा, आज तुमच्या बॉनेटमध्ये बघून केस विंचरले मी.”

“मग भांग सरळ आला असेल,” आजोबा म्हणाले. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला.

पुढे आजोबांना चष्मा सारखा मळलेला वाटू लागला. शर्टाच्या टोकाने ते तो पुसायचे, डोळ्यांवर लावायचे, पुन्हा काढायचे. मी त्यांच्या खांद्यावर असायचो. काच स्वच्छ होती, मित्रांनो. मला दिसत होतं, आणि मी गप्प होतो. लेक विचारायची, “बाबा, डोळे दाखवायचे का?” ते म्हणायचे, “काही नाही, धूळ आहे.” काम सुटेल या भीतीने ते बोलत नव्हते.

एका सकाळी त्याच काळ्या गाडीचं दार पुसताना मी त्यांच्या हातून निसटून खाली पडलो. वाळूचे चार कण मला चिकटले. आजोबांनी चाचपून मला उचललं, दोनदा झटकलं, डोळ्यांजवळ धरून पाहिलं. त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी मला दारावर फिरवलं. ती कर्रकर्र मी अजून विसरलेलो नाही. त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

लेक धावत आली. दारावर वीतभर ओरखडा होता. तिने तो पाहिला, मग वडिलांकडे पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, मघाशी फडकं माझ्याच हातून पडलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं.”

आजोबांनी बोटाने ओरखडा चाचपला. मी कुणाच्या हातून पडलो, ते त्यांना ठाऊक होतं.

“पुढच्या वेळी सांगत जा,” ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते कामाला आले नाहीत. लेक त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी सांगितलं, वर्षभर आधी आला असतात तर बरीच नजर वाचली असती.

लेकीने तो ओरखडा काढला. मला धुऊन वडिलांच्या उशाशी ठेवलं. आता गॅरेजात नवी फडकी आहेत. आजोबा दुपारी मला मांडीवर घेतात, चौघडी घालतात आणि बोटांनी माझ्या बाजू मोजतात. आठ झाल्या की पहिल्यापासून सुरुवात करतात. गाऊन होतो तेव्हाची माझी ऊब त्यांना आठवते का, मला माहीत नाही. मला गॅरेजातल्या त्या आजोबांची फार आठवण येते, ते समोर असले तरी.

मित्रांनो, खाली पडलेलं फडकं नुसतं झटकून वापरू नका. आणि तुमच्या घरात कुणी स्वच्छ चष्मा पुन्हा पुन्हा पुसत असेल, तर ‘काही नाही, धूळ आहे’ यावर विश्वास ठेवू नका. त्यांचा हात धरून त्यांना डॉक्टरकडे न्या. मला सगळं दिसत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.