लाभलेला नीलम

भिंगारच्या जुन्या बाजारात माझं खड्यांचं दुकान आहे आणि माझा खड्यांवर काडीचाही विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझी कीव करायची की मला शिव्या घालायच्या, ते तुमचं तुम्ही ठरवा. माणिक बर्माचं, पोवळं इटलीच्या समुद्रातलं, पाचू झांबियाचा, पुष्कराज सिलोनचा, असं मी दिवसभर सांगतो. येतात सगळे जयपूरहून, एकाच कुरिअरनं, कापसात गुंडाळून. लाल धीर देतो, हिरवा बुद्धी देतो, पिवळा लग्न जमवतो. निळ्याला मात्र लोक टरकून असतात. नीलम शनीचा, लाभला तर घर भरतो, नाही लाभला तर माणसाला आयुष्यातून उठवतो, अशी समजूत. म्हणून तो आधी तीन दिवस निळ्या फडक्यात बांधून दंडाला लावायचा आणि वाईट काही घडलं नाही तरच अंगठीत बसवायचा.

पण तीन दिवस निभावले तरी काही गिऱ्हाइकं महिन्याभरानं अंगठी घेऊन हजर. म्हैस आटली, टेम्पो कलंडला, घ्या परत तुमचा खडा. त्यांचं तोंड बंद करायला मी एक वाक्य तयार केलं होतं. "लाभलेला नीलम उतरवायचा नाही. उतरवला तर ज्याच्यासाठी घातला, त्याच्यावर उलटतो." हे कुठल्याही पोथीत नाही. माझ्याच सुपीक डोक्यातलं.

दोन वर्षांपूर्वी काष्टीचे रंगनाथराव आले. त्यांचा मुलगा आदिनाथ मोटारसायकलवरून पडला होता, नगरच्या दवाखान्यात बेशुद्ध होता. मी त्यांना सिलोनचा म्हणून निळा खडा दिला, त्यांनी तो पोरासाठी स्वतःच्या दंडाला बांधला. काच होती. तिसऱ्या दिवशी पोरानं डोळे उघडले. केलं डॉक्टरांनी, पेढे आले मला. मी अंगठी करून रंगनाथरावांच्या मधल्या बोटात चढवली आणि माझं ते वाक्य म्हटलं. त्यांनी हात जोडले.

यंदा दिवाळीनंतर त्यांची बायको बनुबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली.

"शेठ, मालकांना शुगर हाय. बाभळीचा काटा लागला, बोट वांग्यागत फुगलंय. डाक्टर म्हनतो अंगठी कापा, न्हाईतर बोट जाईल, मग हात. पर त्ये कापू देत न्हाईत. पोराच्या जिवावर उलटंल म्हनत्यात. तुमी घातली, तुमीच काढा."

गिऱ्हाईक आहे, मागनं येतो, असं मी म्हणणार होतो. दुकानात चिटपाखरू नव्हतं. गेलो.

दवाखान्यात रंगनाथराव हात छातीशी धरून खाटेवर बसले होते. बोट काळंनिळं पडलं होतं आणि अंगठी मांसात रुतून नुसता खडाच वर दिसत होता. शेजारी आदिनाथ उभा, धडधाकट.

"आण्णा, मी हितं उभा हाय की. मला काय हुतंय?"

"उभा हाईस ती अंगठी हाय म्हनून."

दुकानात मीही हेच बोललो असतो. पण ते बोट बघवेना. म्हटलं, जाऊ दे धंदा.

"रंगनाथराव, ही काच आहे. मी तुम्हाला फसवलं. उतरवायचा नाही हेही मीच बनवलं. काढून टाका."

रंगनाथरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "शेठ, माझ्या बोटापायी सोताचं नाव घालवायला निघालात? लई मोठं मन तुमचं." मग बनुबाईला म्हणाले, "बघ, असा मानूस मिळायचा न्हाई."

जन्मात एकदा खरं बोललो आणि त्याचंही हे झालं. मग माझ्या जुन्या वाटेनं गेलो. म्हटलं, खड्याला तडा गेलाय, त्यानं संकट स्वतःवर घेतलं, आता उतरवायलाच हवा. रंगनाथरावांनी हात खिडकीकडं धरला, खडा निरखला. "कुठंय तडा?" तडा नव्हता. डॉक्टर दारातून म्हणाले, अर्धा तास, त्यापुढं माझ्या हातात काही नाही. बनुबाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"माझ्या बोटात घालतो," मी म्हणालो. कसं सुचलं कुणास ठाऊक. "देणाऱ्यानं आपल्या अंगावर घेतला तर उलटत नाही."

रंगनाथरावांनी हात पुढं केला. "पन मधी खंड पडायचा न्हाई. आदी तुमच्या मुठीत, मग माझ्या बोटातनं."

तसंच झालं. डॉक्टरांनी कटर लावला, मी खाटेशी वाकून खडा मुठीत धरला, अंगठी तुटली. रंगनाथरावांच्या बोटाचं एक पेर गेलं, हात वाचला. मूठ आवळूनच मी सोनाराकडं गेलो आणि जोडलेली अंगठी माझ्या मधल्या बोटात बसली.

आता रंगनाथराव दर शनिवारी शिंगणापूरला तेल वाहून थेट दुकानात येतात. माझा हात हातात घेतात, अंगठी बघतात, चहा पितात, जातात. चार गिऱ्हाइकांसमोर सांगतात, ह्या मानसानं माझ्या पोरासाठी सोताच्या अंगावर शनी घेतला. धंदा दुप्पट झालाय. बायको म्हणते, रविवार ते शुक्रवार काढून ठेवा की, कोण बघतंय?

बरोबर आहे तिचं. काच आहे, मला ठाऊक आहे, मीच आणलीय. तीनदा साबण लावून पेरापर्यंत आणली आणि तीनदा परत मागं सारली. मला भीती वाटते, दुसरं काही नाही. आदिनाथ रोज सकाळी मोटारसायकलवर काष्टीहून दौंडला कामाला जातो. तो पोचू दे, मग काढू म्हणतो. आणि तो पोचला, की त्याची परत यायची वेळ होते.