अकरा-दहाची कडी

प्रमोदिनीबाईंचं घर काही केल्या विकलं जात नव्हतं, आणि दोष घराचा नाही हे एजंट पोपटरावांचं ठाम मत होतं. डोंबिवलीत टिळकनगरासारखी जागा, स्टेशन चालत दहा मिनिटं, दोन्ही वेळा पाणी. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, एवढंच काय ते उणं. त्या जिन्याने बाईंच्या गुडघ्यांची पार वाट लावली होती. गेल्या दिवाळीत तोल जाऊन पडल्या तेव्हा लेक आसावरी म्हणाली, "बस झालं आई. घर विकायचं आणि माझ्याकडे कोलशेतला यायचं." बाई हो म्हणाल्या. नाही म्हणून सांगणार कोणाला?

मग पोपटराव कामाला लागले. भिंतीची ओल पुट्टी मारून झाकली. पिवळे दिवे काढून पांढरे लावले. "पार्टी यायच्या आधी वेलची घालून चहा ठेवा काकू, घरभर वास सुटला पाहिजे." आणि हॉलमधला बाईंच्या नवऱ्याचा, गुरुदत्तांचा, हार घातलेला फोटो स्वतः खुर्चीवर चढून उतरवला. "हार दिसला की गिऱ्हाईक भाव पाडतं." मेल्या, तुझं कोणी गेलं नाही का कधी, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. बायकोला नवऱ्याचा फोटो लपवायला लावतो म्हणजे काय! त्यांनी तो जुन्या साडीत गुंडाळून कपाटात ठेवला.

पण अकरा-दहाचं काय करायचं, ते पोपटरावांनाही सुचेना.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी आमटी उकळत होती आणि घरात कोथिंबीर नव्हती. गुरुदत्तांनी चपला सरकवल्या, "आलोच गं" म्हणाले आणि जिना उतरले. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापाशीच कोसळले. तिथून परस्पर हॉस्पिटल, तिथून परस्पर स्मशान. घरी काही आले नाहीत. पण 'आलोच' म्हणून गेले होते ना! दिवस झाल्यावर दुसऱ्याच सकाळी, अकरा वाजून दहा मिनिटांनी, जाळीच्या दाराची कडी दोनदा वाजली. बेल असताना कडी वाजवायची खोड त्यांचीच. बाईंनी दार उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. तरी त्या बाजूला सरकल्या, आत यायला वाट दिली आणि म्हणाल्या, "आलात? हात धुवा, पान वाढते." तेव्हापासून रोज हेच. भीती? छे! आपल्याच माणसाची कसली भीती? उलट तेवढ्यासाठी तर त्या सकाळी उठायच्या.

आता पार्टी समोर बसलेली असताना यजमानीण मधेच उठून रिकाम्या जिन्याला "आलात?" म्हणायला लागली, तर थांबेल कोण? तीन गिऱ्हाइकं गेली. "काकू, घर विकायचंय की नाही?" पोपटराव वैतागले. आसावरी तर रडलीच. "परत पडलीस तर काय गं? मी तिकडे जीव मुठीत धरून बसते."

लेकीचं खरं होतं. पण बाईंना घोर होता तो वेगळाच. आपण कोलशेतला गेलो की हे इथे येणार. कडी वाजवणार. कोणीतरी परकं माणूस दार उघडणार. मग ह्यांनी जायचं कुठे?

चौथी पार्टी रविवारी आली. ऋतुराज आणि ऐश्वर्या, नुकतंच लग्न झालेलं, विठ्ठलवाडीला भाड्याने राहणारी गोड पोरं. ऐश्वर्या ओटा बघत होती आणि कडी वाजली. दोनदा. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. परत वाजली.

"आजी, कोणीतरी आलंय," ऐश्वर्या म्हणाली.

बाई चपापल्या. अगंबाई, हिलाही ऐकू येतं!

"वारा आहे गं," बाई म्हणाल्या. "ती कडी सैलच आहे."

चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला असं दाराबाहेर ताटकळत ठेवलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. सौदा मात्र त्याच दिवशी ठरला.

किल्ल्या द्यायच्या दिवशी सामानाचा टेम्पो पुढे गेला, आसावरी खाली गाडीपाशी थांबली. बाई मुद्दाम मागे राहिल्या. अकरा-दहाला कडी वाजली. बाईंनी दार उघडलं नाही. आतूनच कपाळ टेकवलं.

"अहो, ऐका. घर विकलं मी. आता इथे तरणी पोरं राहणार, घाबरतील हो ती. तुम्ही येऊ नका आता." त्यांनी दारावर हात ठेवला. "कोथिंबीर नसली तरी चालेल मला. जा तुम्ही. सुखाने जा."

उभ्या जन्मात त्यांनी कोणाला 'जा' म्हटलं नव्हतं. निघणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि राहणाऱ्याने 'या' म्हणायचं, हेच आईने शिकवलेलं. मग चपलांचा आवाज एकेक पायरी खाली उतरत गेला. बायकोचं म्हणणं त्यांनी कधी मोडलं नव्हतं, तेव्हाही मोडलं नाही.

बाई डोळे पुसून बाहेर आल्या. कुलूप लावलं, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. आणि जन्माची सवय ती, तोंडातून निघून गेलं, "येते हं."

कोलशेतला चौदावा मजला, दोन-दोन लिफ्ट. तरी रोज अकराच्या सुमारास बाईंना खुर्चीत गुंगी यायची, आणि जाग आली की गुडघे ठणकत असायचे, धाप लागलेली असायची. "तीन मजले चढून आल्यासारखं होतं बघ," त्या आसावरीला म्हणाल्या. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलून दिली.

पंधराएक दिवसांनी ऐश्वर्याचा फोन आला. "आजी, रागावू नका हं. तुम्ही रोज येता ना, तर आत या की. नुसत्या दारात उभ्या असता. मी चहाचं विचारते तर बोलत पण नाही."

"मी? कधी गं?"

"अकरा-दहाला. जिन्यात खाली बघत उभ्या असता, कोणाची तरी वाट बघत असल्यासारख्या."

बाईंनी हळूच विचारलं, "आणि बरोबर कोणी असतं का गं? हातात कोथिंबिरीची जुडी घेतलेलं?"

"नाही आजी," ऐश्वर्या म्हणाली. "तुम्ही एकट्याच असता."