पाटीवरचा आकडा

आईने पाटीच्या खाचेतून तीनचा आकडा उपसला आणि कठड्यावर पालथा ठेवला. आता काय लावायचं ते तिला ठाऊक होतं, पण हात धजत नव्हता.

पाटी काळी, लांब दांड्याची, सरकत्या आकड्यांची. या स्पर्धेत चालकाशी कानात बोलायची सोय नव्हती, नियमच तसा. गाडी समोरून सुसाट जाते तेवढ्यात कठड्यावरून जे दाखवाल तेच त्याला कळणार. मागचा किती सेकंद मागे आहे, एवढंच बहुतेक वेळा दाखवायचं. मुलगा लहानपणी छोट्या गाड्या पळवायचा तेव्हापासून ही पाटी आईच्याच हातात होती. संघात दुसरं होतं तरी कोण? एक ती, आणि एक नवऱ्याचा जुना दोस्त, मिस्त्री. तो गाडीचा प्रत्येक भाग हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकायचा, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत.

उघड्या चाकांच्या गाड्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली, हंगामाची ही शेवटची शर्यत. हंगाम कसला, नुसता छळ होता. पहिली शर्यत मुलाने जिंकली तेव्हा ठोक्या चक्क नाचला होता. तिसरीत भर वेगात डावं मागचं चाक निखळलं आणि गाडी भिंतीवर गेली. मुलगा इस्पितळात पडून, आणि बाकीचे गुणांत पुढे निघून गेलेले. तो परतला तो निव्वळ हट्टाने, लंगडत, आणि एकेक गुण ओरबाडत इथवर पोचला. आज तो आणि पिवळ्या गाडीवाला यांच्यात जो पुढे राहील तो विजेता. विजेत्याला मोठ्या संघात जागा मिळायची. हरणाऱ्याला काहीच नाही. आपल्या वयाच्या चालकाला पुढच्या वर्षी कुत्रंही विचारणार नाही, असं तो जेवताना हसत हसत सांगायचा. तो हसला की आई ताट उचलून आत निघून जायची.

आणि आज तो पुढे होता. पिवळा तीन सेकंद मागे.

पण मघाशी गाडी समोरून गेली तेव्हा आईला ते चाक दिसलं. तेच, डावं मागचं. ते थरथरल्यासारखं वाटलं. पुढच्या फेरीतही वाटलं. तिने ठोक्याचा हात ओढून दाखवलं. तो कठड्यावर ओणवा होऊन बघत राहिला आणि त्याने मान हलवली.

“वहिनी, चाक नाही थरथरत. तुम्ही थरथरताय.”

तरी तिने पाटीवर तीनच्या वर ‘घरी’ लावून पाहिलं होतं. घरी म्हणजे शर्यत सोडून आत ये. मुलगा सरळ निघून गेला. जाणारच. त्या अपघातानंतर जरा धूर दिसला, जरा आभाळ भरून आलं, की ती ‘घरी’ लावायची. एकदा तर नुसत्या सरावात लावलं होतं, आणि ठोक्याने आठवडाभर तिची टिंगल केली होती. तुझं ‘घरी’ मी आता वाचतच नाही, असं मुलानेही सांगून टाकलं होतं.

मोजक्याच फेऱ्या उरल्या होत्या. त्याचा वेग कमी करायचा तर आता एकच वाट होती. पिवळा लांब पडलाय असं वाटलं तर तो गाडीला जपेल. आईने दोन आणि पाच हे आकडे उचलले. पाच आधी उलटा बसला, तिने तो काढून सरळ लावला.

ठोक्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. वर्षभराची मेहनत आहे, पोराचा गळा कापताय, असं काहीबाही तो बोलत राहिला. पाटी हिसकावून घ्यायलाही त्याने हात पुढे केला.

“भाऊजी,” ती म्हणाली, “मला तो स्वतःच्या पायाने घरी यायला हवाय.”

त्याचा हात खाली आला. तिने पाटी उंच धरली. गाडी गेली, आणि पुढच्याच वळणावर इंजिनाचा आवाज उतरला. पिवळा त्यानंतरच्या तिसऱ्या फेरीत पुढे निघाला तेव्हा समोरच्या सज्जात लोक उभे राहून ओरडत होते. शर्यत संपली तरी आईने पाटी खाली घेतली नाही. शेवटी ठोक्यानेच ती तिच्या हातातून सोडवली.

मुलगा दुसरा आला. पिवळ्याला लोकांनी खांद्यावर घेतलं होतं, त्या गर्दीला वळसा घालून त्याने गाडी गाळ्यात आणली. आई भिंतीला टेकून उभी होती. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्याने शिरस्त्राण काढलं आणि तो थेट डाव्या मागच्या चाकाशी जाऊन उकिडवा बसला.

“काय दिसलं होतं तुला?”

“चाक थरथरत होतं. मला तसं वाटलं.” ती भिंतीपासून पुढे आली. “मी आकडा खोटा लावला रे.”

“माहीत आहे. पिवळा आरशात दिसत होता. पंचवीस सेकंद मागे असता तर दिसला असता का?”

“मग का जाऊ दिलंस त्याला?”

“‘घरी’ तू घाबरलीस की लावतेस. आकडा कधी खोटा लावला नाहीस, इतक्या वर्षांत.” त्याने वर पाहिलं. “म्हटलं, आईने खोटा आकडा लावलाय, म्हणजे नक्की काहीतरी भयंकर दिसलंय.”

आईने पदराने तोंड दाबलं.

ठोक्याने गाडी उचलून चाक काढलं आणि चाक धरून ठेवणारा आतला एकेक दांडा ठोकायला घेतला. प्रत्येक दांडा खणखणीत वाजत होता. खणखणीत म्हणजे दांडा धड, एवढं इतक्या वर्षांत आईलाही ओळखू यायला लागलं होतं. शेवटचा दांडा ठोक्याने दोनदा ठोकला, मग पुन्हा एकदा, आणि कोणाकडेच न बघता हातोडी खाली ठेवली.

मुलाचे हात ग्रीसने काळे झाले होते. त्याने एक हात आत घातला आणि जरा वेळ तिथेच ठेवला.

“ही काय चीर,” तो म्हणाला. “काका, दिसतेय ना?”

ठोक्या त्याच्याकडे बघत राहिला. चांगल्या भागाला वाईट म्हटल्याचं त्याच्याकडून आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

“आहे,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “त्या वेगात दांडा दोन फेऱ्याही टिकला नसता.”

आई वाकली. दांड्यावर बारीक काळी रेघ होती. तिने त्यावरून अंगठा फिरवला. रेघ अंगठ्यावर आली, आणि खालचं लोखंड लख्ख निघालं.

तिने मूठ मिटली.

“हो,” ती म्हणाली. “चांगली मोठी आहे.”