विमान आठ वाजता येईल

श्रीपादचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याला तसं कारणही होतं. नागपूरच्या एका फ्लाइंग क्लबात तो कारकून. स्वतःचं विमान बाळगणाऱ्या हौशी साहेबांसाठी क्लब दरवर्षी एक पुस्तिका काढी. मध्यप्रांतात विमान कुठं उतरवता येईल, तिथं पेट्रोल कोण देईल, तार कुणाला करायची, सगळं त्यात. मागच्या वर्षी लोकांनी पत्रानं कळवलं ते श्रीपादनं जसंच्या तसं उतरवून काढलं. त्यातल्या एका नावावर विसंबून एक साहेब आडगावी उतरला, तर तिथं पेट्रोलचा थेंब नव्हता. टाकीतल्या उरल्यासुरल्यावर तो पुन्हा उडाला आणि कोसभरावर शेतात कोसळला. पाय गेला बिचाऱ्याचा. क्लबच्या सेक्रेटरीनं श्रीपादला बोलावून सांगितलं, यंदा एक जरी नाव फसवं निघालं तर दुसरी नोकरी बघ.

तेव्हा श्रीपादनं एक युक्ती काढली, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता. यंदा प्रत्येक नाव तो स्वतः जाऊन तपासे, आणि त्या गावी पोचायच्या आदल्या दिवशी क्लबच्या नावानं खोटी तार ठोकी: 'उद्या विमान आठ वाजता येईल. सोळा गॅलन तयार ठेवा.' आणि सकाळी मैदानाच्या कडेला कुणी अनोळखी म्हणून जाऊन बसे. कोण येतं, काय आणतं, आपोआप कळे.

जबलपूरची दोन नावं होती. एक सदर बाजारातले दुकानदार भय्यासाहेब. त्यांच्या छापील कागदावर 'अहोरात्र सेवा' असं सोनेरी अक्षरांत होतं. दुसरा गुणवंत, तोफगाड्यांच्या कारखान्यातला जुना फिटर. त्याच्या पोस्टकार्डावरचं गिचमिड अक्षर लावता लावता डोळ्यांना पाणी येई. तार दोघांनाही गेली होती.

श्रीपाद सहाला मैदानावर पोचला तर गुणवंत आधीच हजर. बैलगाडीतून उतरवलेले आठ डबे ओळीनं मांडलेले. त्याची बायको अंजनी मैदानात पांढरं धोतर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवत होती, म्हणजे वरून जागा दिसावी. श्रीपादला लगेच संशय आला. दोन तास आधी कोण येतं? ह्याच्याकडं तारेचं गुपित कुणी फोडलं असेल का? त्यानं विमान बघायला आल्याची बतावणी केली आणि बोलता बोलता एक डबा हलवून पाहिला. भरलेला होता. मग झाकणाशी नाक नेलं.

"पेट्रोलच आहे, भाऊ," गुणवंत हसला. "काहून, घासलेट वाटलं का?"

"छे, सहज." श्रीपाद ओशाळला, पण शंका काही जाईना. पुढचे डबे खरे ठेवून मागच्यात पाणी भरणारे त्यानं पाहिले होते. अंजनी ओली पानं टाकून धूर करत होती, वारा कुठला ते वैमानिकाला कळावं म्हणून. हेही त्याला जरा जास्तच वाटलं.

आठ वाजले. नऊ वाजले. भय्यासाहेबांचा पत्ता नव्हता. श्रीपादनं मनातल्या मनात त्यांच्या नावावर काट मारली. आता गुणवंत कंटाळून गाडी जुंपतो का, एवढंच बघायचं होतं. गुणवंत दक्षिणेकडे डोळे लावून उभा होता. दहाला तो बायकोजवळ आला.

"नागपूरहून इतका वेळ लागत नाही. बरगीकडं रान आहे, नर्मदा आहे. कुठं पडला असंन तर? मी ग्वारीघाटावर जाऊन नाववाल्यांना सांगतो."

"जा लवकर," अंजनी म्हणाली. "धूर मी विझू देत नाही."

सायकल धुळीत दिसेनाशी झाली. सांगायची वेळ हीच होती. श्रीपादच्या ओठांवर आलंही. पण एक तर तोंड काळं होणार, आणि दुसरं म्हणजे, हे नाटक असलं तर? घाटावर जातो म्हणून कुठं चहा पीत बसला असला तर? तो गप्प राहिला. दुपारी अंजनीनं आपल्या फडक्यातली अर्धी भाकर त्याच्यापुढं ठेवली. "तुमी पण वाट पाहून राहिले ना जी," ती म्हणाली. श्रीपादनं एक तुकडा मोडला आणि उरलेली भाकर तिच्याकडं सरकवली.

गुणवंत परतला तो ऊन कलल्यावर. गुडघ्यापर्यंत चिखल, सदरा अंगाला चिकटलेला. पाच नावा बरगीच्या अंगाला गेल्या होत्या. आज पौर्णिमा, घाटावर स्नानाची गर्दी, नाववाल्यांचा महिन्यातला हाच कमाईचा दिवस. तरी गिऱ्हाईक सोडून गेले होते. "काही दिसलं नाही," तो खाली बसत म्हणाला. "त्याच्या घरी कोण असंन काय माहीत."

श्रीपादला स्वतःची लाज वाटली. त्यानं सगळं सांगून टाकलं. तार, युक्ती, पाय गेलेला साहेब, सगळं. "तुमचं नाव पक्कं, गुणवंतभाऊ. पहिलं घालतो."

गुणवंत उठून डबे गाडीत चढवू लागला. अंजनीनं लाकूड हलवून विस्तव विझवला आणि धोतराची घडी करू लागली.

तेवढ्यात तारवाला शिपाई सायकलवरून आला. गुणवंतनं तार उघडली, सावकाश वाचली आणि श्रीपादपुढं धरली. 'उद्या विमान आठ वाजता येईल. आठ गॅलन तयार ठेवा.' क्लबचंच नाव.

"ही पण तुमचीच काय?"

"नाही हो! देवाशपथ, ही खरी आहे."

"कालच्या तारेवर पण हेच लिहून होतं," गुणवंत म्हणाला आणि बैल जुंपायला गेला.

दुसऱ्या दिवशी श्रीपाद उजाडायच्या आत मैदानावर होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणी यावं म्हणून देवाला आळवत होता. सात वाजले, साडेसात वाजले, रस्ता मोकळाच. पावणेआठला गाडीच्या घुंगरांचा आवाज आला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

"आलात! मला वाटलं..."

"तुमच्यासाठी नाही आलो," गुणवंत म्हणाला. "वर विमानात बसलेल्याला काय माहीत, खाली कोण खोटं बोललं."

श्रीपाद पुढं झाला. "डबे उतरवू लागतो. धोतर कुठंय? ते पसरायला हवं."

गुणवंतनं गाडीवरचा हात काढला नाही. अंजनीही घडी केलेलं धोतर मांडीवर घेऊन गाडीतच बसून होती.

"राहू द्या," तो म्हणाला. "आधी विमानाचा आवाज येऊ द्या."