निरोप दिलेली बाई

चिकटपट्टीचा कोपरा नखाखाली येत होता आणि पुन्हा सुटत होता. वॉशिंग मशीनच्या झाकणावर निळ्या शाईत ‘जेसी’ — चार महिने झाले तरी अक्षरं कशी ठसठशीत! मस्कतच्या रुवी भागातल्या या तिसऱ्या मजल्यावर जे उरलं होतं ते उचलायला जड म्हणून उरलं होतं. जेवणाचं टेबल मल्याळी मंडळातल्या रमणीनं नेलं. पडदे गेले, इडलीपात्र गेलं, कढीपत्त्याची कुंडीसुद्धा... मस्कत सोडून जाणाऱ्याच्या घरी आधी चहाला यायचं, डोळे पुसायचे आणि आवडेल त्या वस्तूवर आपलं नाव चिकटवायचं, ही इथल्या मल्याळी मंडळींची रीतच.

ओमनाचं चुकलं ते एवढंच, की निरोप घेतल्यावर ती गेली नाही.

नवऱ्याची, शशीधरनची नोकरी सुटली, मंडळाच्या हॉलमध्ये समारंभ झाला, शाल झाली, भाषणं झाली — बायका रडल्या, ओमनाही रडली, खोटं कशाला बोला — आणि विमानाला आठ दिवस असताना त्याला दुसऱ्या कंपनीच्या गोदामात काम मिळालं. हलकं, पण व्हिसा राहिला. केवढ्या आनंदानं ती ग्रुपवर कळवायला गेली! तर ग्रुपमधून नाव कधीच काढलेलं. तेव्हापासून लिफ्टमध्ये, भाजीच्या दुकानात, सगळीकडे तेच डोळे वर करून, चेची म्हणजे ताई म्हणत विचारणं — “अय्यो, ओमनाचेची! अजून गेला नाहीत?” जसं काही अठरा वर्षांचं राहणं खरं नव्हतं, खरं होतं ते फक्त जाणं.

फोन वाजला. रमणी.

“चेची, जरा हॉलवर येता का? फुलांची रांगोळी काही जमत नाहीये पोरींना. वर्तुळाचं अंडं झालंय नुसतं.”

ओणम होऊन महिना उलटला होता, पण हॉल मोकळा मिळेल त्या शुक्रवारी इथं ओणम.

“जेवायला थांबायचं का मी?”

पलीकडे भांड्यांचा आवाज. मग — “अहो, जेवणाच्या पानांची यादी गेल्या आठवड्यातच गेली ना... बघू, कुणीतरी गळेलच की. आणि हो, जेसी मशीनचं विचारत होती.”

जाऊ नये. जाऊच नये. सोनेरी काठाची कसवू साडी नेसताना ती हेच म्हणत होती, निऱ्या घालतानाही हेच; आणि जिना उतरणाऱ्या स्वतःच्या पायांचा तिला असा संताप आला, की ते दुसऱ्या कुणाचे असते तर तिनं फटका दिला असता.

हॉलमध्ये तिनं खिळ्याला दोरी बांधली, गुडघ्यांवर बसली, खडू फिरवला. वाकडं काढावं, मुद्दाम वाकडं काढावं... हात ऐकेना. वर्तुळ पूर्ण गोल आलं.

“बघा!” जेसी टाळी वाजवत म्हणाली. “चेची गेल्या असत्या तर आमचं काय झालं असतं?”

“गेले असते तर तुला मशीन मिळालं असतं.”

कुणी हसलं, मग हसणं अर्ध्यातच वाळलं. जेसी झेंडूच्या टोपलीकडे वळली. ओमनाला बरं वाटलं. आणखी बोलावं, एकेकीला समोर उभं करून... तिनं शब्द जुळवायला घेतले आणि मध्येच मनात सुलोचना आली. कुठून आली? सहा-सात वर्षांपूर्वी निरोप होऊनही अशीच मागे राहिलेली बाई, अशाच ओणमला दारात उभी, पिवळा ब्लाऊज, केसांत फूल. आणि पानांची यादी हातात धरून बसलेली — मी, ओमनाच. “हिचा निरोप झालाय ना गेल्या महिन्यात,” असं म्हटलं होतं मी, तिला नाही, शेजारणीला. पण तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सुलोचना हसली होती. चप्पल शोधायला तिला वेळ लागला होता. पुढे ती गावी गेली, की इथंच कुठल्या इमारतीत राहिली... कुणाला विचारावंसंही वाटलं नव्हतं.

मागे पानं मांडायला सुरुवात झाली होती.

“उठा चेची, पाहुणे येताहेत,” रमणी म्हणाली.

राग जराही ओसरला नव्हता. उलट आता त्याला बसायला धड जागा उरली नव्हती; तो या बायकांकडून तिच्याकडे येई आणि पुन्हा त्यांच्याकडे जाई. गुडघे फरशीवर गार पडले होते. ओमना उठली नाही.